एकट्याने गडावर जाऊ नये म्हणे!

2025 च्या जुलैमध्ये साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे मराठ्यांचे बारा किल्ले एकदम त्या यादीत लागले. त्यांतला एक आपल्या बागलाणचा, याचा अभिमान सटाण्यात कुणाला वाटला नाही? पण अभिमानाच्या मागोमाग सूचनांचा एक मसुदाही आला. गडावर मुक्काम बंद करा. एकट्यादुकट्याला वर सोडू नका. निदान पाच-सहा जणांचा गट हवा, सोबत नोंदणीकृत संस्था किंवा गावचा वाटाड्या हवा, आणि दिवस मावळायच्या आत सगळे खाली यायला हवेत. असे म्हणणाऱ्यांत माझे मित्र आहेत, जुने गिर्यारोहक आहेत, शाळेत मुलांना इतिहास शिकवणारे गुरुजी आहेत. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मुळातच चुकीचा वाटतो आणि तो नियम म्हणून अंगावर येण्याआधीच त्याला उत्तर द्यायला हवे.

त्यांची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. 2022 च्या मे महिन्यात दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात एकटाच गेला. परतताना वाट चुकला. वाट सापडत नाही हे त्याने फोनवर कळवलेही होते. मग फोन बंद पडला. पोलीस, आपत्ती दलाचे जवान आणि लोणावळ्याचे स्वयंसेवक दिवसचे दिवस दऱ्या धुंडाळत राहिले आणि अखेर हाती आला तो मृतदेह. एकट्याच्या भटकंतीविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण ही घटना सांगतो, आणि सांगायलाच हवी. सोबत कुणी असते तर तो वाचला असता, हे वाक्य खोडून काढणे कुणालाही शक्य नाही.

पण त्या घटनेतून काय शिकायचे, हा खरा प्रश्न आहे. उन्हाळ्यातले रान, अनोळखी मुलूख, पायथ्याच्या गावात कुणाला ठरलेली वाट आणि परतायची वेळ माहीत नाही, आणि सगळी मदार एका बॅटरीवर. यांतली एकच गोष्ट बदलली असती, म्हणजे खालच्या वस्तीतल्या एखाद्या चहावाल्याला ‘पाचपर्यंत उतरलो नाही तर ओरड करा’ एवढे सांगितलेले असते, तर शोध त्याच संध्याकाळी आणि नेमक्या डोंगराच्या दिशेने सुरू झाला असता. तो एकटा होता हे खरेच. त्याहून मोठे हे की तो नेमका कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बंदीचा सगळा डोलारा त्या एक समजण्यावर उभा आहे. पाच मित्रही कुणाला न सांगता बागलाणातल्या हरगडाच्या रानात शिरतात आणि अंधारात पाचही जण एकाच चुकीच्या नाळेत उतरतात. गटाला वाट सापडतेच, असा डोंगराचा काही करार नाही.

आता गेल्या दोन-तीन पावसाळ्यांतल्या मोठ्या बातम्या आठवून पाहा. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याच वर्षी जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यावर चित्रण करताना एक तरुणी दरीत कोसळली, तीही मित्रमैत्रिणींसोबत आली होती. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली इंद्रायणीत कोसळला आणि चौघे गेले. या तिन्ही ठिकाणी कुणी एकटे नव्हते. माणसे सोबत असल्यामुळेच पाय पुढे पडला, असे म्हणण्याइतका मी निष्ठुर नाही. पण इतके जण उभे आहेत म्हणजे जागा सुरक्षित असणार, हा विचार गर्दी आपल्या डोक्यात गुपचूप घालते, हे पावसाळ्यातल्या कुठल्याही धबधब्यापाशी उभे राहून पाहावे.

यावर माझे मित्र म्हणतात, ‘ती सहलीची गर्दी, ट्रेकरांचा तिच्याशी संबंध काय?’ अगदी बरोबर. मग त्या गर्दीच्या अपघातानंतर निघणारे आदेश ट्रेकरांनाही का लागू होतात? जमावबंदीचे कलम, जे पूर्वी 144 होते आणि आता नागरी सुरक्षा संहितेत 163 झाले आहे, ते लावून पावसाळ्यात धबधबे, धरणे, किल्ले, घाट यांची एक लांबलचक यादी निघते आणि सगळे एका दोरीत बांधले जाते. जमावबंदीचे म्हणून ओळखले जाणारे कलम ज्याच्याबरोबर जमाव नाही त्याच्यावर चालवायचे, यातला विनोद कुणाच्या लक्षात कसा येत नाही कोण जाणे.

साल्हेरवर नेमके काय होते ते पाहू. उंची 1567 मीटर, म्हणजे कळसूबाईनंतर महाराष्ट्रातले दुसरे शिखर आणि किल्ल्यांत पहिला. पायथ्याच्या वाघांबे गावाहून चढले की साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड लागते. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. वर पठार, गंगासागर तलाव, पाण्याची टाकी, रेणुकेचे देऊळ, राहण्याजोग्या गुहा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर परशुरामाचे छोटेसे मंदिर. 1672 मध्ये याच गडाच्या परिसरात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. सूर्यराव काकडे इथेच पडले. एवढ्या मोलाच्या जागेचे नुकसान कोण करते?

एका हिवाळी शनिवारी चाळीस जणांचा व्यावसायिक कॅम्प वर येतो. चाळीस जणांची ताटे प्यायच्या पाण्याच्या टाक्यापाशी धुतली जातात. टाक्यावर साबणाचा तवंग धरतो, आणि फेब्रुवारीनंतर वर पाणी किती उरते ते स्थानिकांना विचारा. गुहेत चूल पेटते, छत काजळते. कुणीतरी स्पीकर लावतो. आग्या मोहोळाला धूर, गोंगाट आणि अत्तराचा वास काय करतो हे बागलाणच्या कड्यांखाली वाढलेल्या पोरालाही माहीत असते, पण शनिवारी रात्री आलेल्याला नसते. सकाळी घसाऱ्यावरून वरचे लोक दगड सोडतात, खालचे झेलतात. मी एकटा जातो तेव्हा माझ्या डोक्यावर दगड सोडायला कुणी नसतो आणि माझ्या पायाखाली झेलायलाही नसतो. माझे एक भांडे, एक बाटली, एक चटई. चूल मी पेटवत नाही, कारण दिवाळीनंतर हे सगळे डोंगर वाळलेल्या गवताचे असतात आणि एका ठिणगीने अख्खी सोंड पेटते. एकटा माणूस आपोआप सज्जन असतो असा दावा नाही. दारूची बाटली घेऊन येणारा एकटाही मी पाहिला आहे. पण त्याचा उपद्रव एका माणसाएवढाच असतो, आणि तसले दहा महाभाग मिळूनही एका डीजे कॅम्पची बरोबरी करू शकत नाहीत.

गंमत अशी की प्रस्तावित नियमात या कॅम्पवाल्यांना अडचण काहीच नाही. गट आहे? आहे. संस्था आहे? नोंदणीकृत आहे. पावती आहे? आहे. अडतो तो फक्त एकटा. सुरक्षिततेच्या नावाने आपण डोंगर त्याच्याच हाती देणार, ज्याच्यामुळे डोंगराला आणि माणसाला सगळ्यात जास्त धोका आहे.

कायद्याचेही सांगतो. साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे, भोवतीचे रान वन विभागाचे. भारतीय वन अधिनियम 1927 चा. त्याच्या कलम 26 नुसार राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे हाच गुन्हा ठरतो. म्हणजे त्या कलमाच्या नजरेत गट आणि एकटा सारखेच घुसखोर. आजवर सगळे जातात ते केवळ सरकारी डोळेझाकीवर. नवा नियम ही डोळेझाक काहींना विकत देणार आणि बाकीच्यांची काढून घेणार, एवढाच त्याचा अर्थ. 1870-71 च्या दुष्काळात सरकारी तिजोरी लोकांसाठी मोकळी करणाऱ्या मामलेदाराला देव मानून दरवर्षी त्याची यात्रा भरवणारे सटाणा हे गाव. त्या यशवंतराव महाराजांच्या गावाने सरकारी कचेरीकडे मागणी करायची ती कुलपाची, हे मला जरा चमत्कारिक वाटते.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. सोलो ट्रेक, वाइल्ड कॅम्पिंग ही विलायती थेरं आहेत, आपल्याकडे माणसे मिळून जातात, वारीसुद्धा दिंडीने जाते, असे मला एका व्यासपीठावर ऐकवले गेले. ऐकवणाऱ्याने सप्तशृंगीकडे मान वर करून पाहिलेले दिसत नाही. वणीच्या गडावर चैत्रोत्सवात आणि नवरात्रात देवीच्या शिखरावर ध्वज लागतो. तो लावण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याचा. शिखराला धड वाट नाही, सरळ तुटलेला कडा आहे. मध्यरात्री, परंपरेने एकटा, तो मानकरी ध्वज आणि पूजेचे साहित्य घेऊन चढतो आणि पहाटे खालच्या लाखो लोकांना वर निशाण फडकताना दिसते. एकट्याने, वाटाड्याशिवाय, रात्री: आमच्या मित्रांच्या मसुद्यातली तिन्ही कलमे एका झटक्यात मोडणारा हा माणूस नाशिक जिल्ह्यात सगळ्यात जास्त आदराने पाहिला जातो. त्याची श्रद्धा आणि माझी हौस एका तराजूत मी घालणार नाही. पण ‘आपल्याकडे असे नसते’ हे म्हणणे तेवढे मागे घ्यावे.

मार्गशीर्षात बागलाण, कळवण, साक्री या पट्ट्यातल्या कोकणा आणि भिल्ल वस्त्यांमध्ये डोंगऱ्यादेव बसतो. त्याचे व्रत घेऊन माऊली झालेले लोक घर सोडतात, गावोगाव नाचतात, आणि शेवटची पौर्णिमेची रात्र डोंगरावर जागवतात. पावरी या वाद्याचा आवाज त्या थंडीत दऱ्यांतून फिरतो. डोंगरावर रात्र काढणे हे तिथे पर्यटन नसते, देवाचे काम असते. सूर्यास्तानंतर गडावर कुणी थांबू नये असा सरसकट फलक उद्या लागला, तर पहिला प्रश्न या लोकांचा येईल. त्यांना सूट देऊ म्हणाल, तर सूट देणारे तुम्ही कोण? तो डोंगर तुमच्या मसुद्याच्या आधीपासून त्यांचा आहे. आणि साक्रीकडचे ठेलारी? मेंढरांमागे महिनोन् महिने उघड्यावर राहणाऱ्या त्या माणसांना आपण ‘वाइल्ड कॅम्पर’ म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे महागडा तंबू नसतो.

लिखित परंपरेतही हेच. महानुभावांच्या लीळाचरित्राचा पहिला भागच चक्रधर स्वामींच्या एकट्याच्या भ्रमंतीचा आहे. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले ते काही गट करून नव्हे. मराठी माणसाला गडांचे वेड लावणारे गो. नी. दांडेकर नर्मदेकाठी परिक्रमेला चालले ते कुणा सहल कंपनीचा बॅच घेऊन नव्हे. बाहेरून आले आहे ते इतकेच: हलका तंबू, स्लीपिंग बॅग आणि हेडटॉर्च. त्या वस्तू वगळल्या तर एकट्याने रानात जाऊन राहण्याची रीत इथली आहे आणि जुनी आहे.

आता विलायतेचाच दाखला द्यायचा तर तो पुरता द्या. ‘ब्रिटनमध्ये बघा, परवान्याशिवाय तंबूची खुंटीसुद्धा ठोकू देत नाहीत’ असे सांगितले जाते. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागते हे खरे. पण सरहद्द ओलांडून स्कॉटलंडमध्ये गेलात की चित्र पालटते. तिथे 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, कुणाच्याही मोकळ्या डोंगरात चालण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क लोकांना दिला. एकट्याने की दुकट्याने, असे कुणी विचारत नाही. सोबतच्या संहितेत सांगितले आहे ते असे: थोडकी माणसे, हलके तंबू, एका जागी दोन-तीन रात्रींच्या वर नाही, मागे काही ठेवायचे नाही. आपला मसुदा म्हणतो किमान पाच. त्यांची संहिता म्हणते जितके थोडके तितके बरे. जिथे गर्दीने खरोखर नासधूस झाली त्या लॉख लोमंडच्या काठांवर 2017 पासून हंगामी परवाने लावले. ते त्या काठांपुरते आणि त्या महिन्यांपुरते. अख्ख्या स्कॉटलंडला कुलूप लागले नाही.

इंग्लंडातले डार्टमूर तर आपल्या वादाचा आरसाच आहे. तिथल्या माळरानावर विनापरवानगी तंबू ठोकण्याची जुनी मुभा होती. एका बड्या जमीनमालकाने तिला आव्हान दिले. कचरा होतो, आग लागते, गुरांना त्रास होतो, ही त्याची कारणे. ओळखीची वाटतात ना? 2023 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. लोक सॅका पाठीवर टाकून माळरानावर निषेधाला जमले. त्याच वर्षी जुलैत अपिलात निकाल फिरला आणि 21 मे 2025 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की 1985 च्या डार्टमूर कायद्यातल्या मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्याच्या हक्कात तंबूतला मुक्कामही येतो. आणि गैरप्रकारांचे काय? त्यासाठी उद्यानाकडे उपविधी आहेत, रखवालदार आहेत, ते वापरा. आग लावणाऱ्याला आग लावली म्हणून पकडा. झोपलेल्याला झोपला म्हणून उठवू नका. आपल्या पुरातत्त्व आणि वन विभागाकडे आग, कचरा, मोडतोड यांविरुद्धची कलमे आजही आहेत. ती वापरण्यात कष्ट आहेत. सरसकट बंदीचा फलक लावायला एक रंगारी पुरतो.

तिथे हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1932 च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडच्या कामगारांनी किंडर स्काउट या खासगी शिकारमाळावर मुद्दाम घुसखोरी केली आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. सतरा वर्षांनी राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला. सुटीच्या दिवशी डोंगरावर पाय टाकता यावा म्हणून त्या गिरणी-कारखान्यांतल्या पोरांनी कैद पत्करली, आणि आपण हातात असलेली वाट आपणहून बंद करून मागतो आहोत!

बायकांच्या बाबतीत माझ्या मित्रांचा आवाज एकदम वडीलधारा होतो. ‘पुरुषाचे ठीक आहे हो, पण एकटी मुलगी?’ या प्रश्नाला हसून चालणार नाही. भीती खरी आहे. पण ती कशाची आहे? बिबट्याची नाही. कड्याची नाही. ज्या बायका एकट्याने फिरतात त्यांना विचारले तर त्या सांगतात ते एसटी स्टँडवरचे, रिकाम्या जीपमधले, पायथ्याच्या टपरीवर टक लावून बसलेल्यांचे. म्हणजे धोका आहे तो पुरुषांचा, आणि उपाय म्हणून डोंगर बंद कुणाला? तिलाच. वाघांब्याच्या बाया लाकूडफाट्यासाठी एकट्या रानात शिरतात तेव्हा त्यांना कुणी अडवत नाही, कारण ते काम असते. बाईने कामासाठी एकटे जावे आणि आनंदासाठी जाऊ नये, हा सुरक्षिततेचा नियम नव्हे. तो फार जुना नियम आहे आणि त्याचे समर्थन करायचे असेल तर निदान उघडपणे करा.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. तो गावाचा. एकटा हरवला की शोधायला कोण जाते? नाशिकहून, लोणावळ्याहून बचावपथके येईपर्यंत वाघांबे, साल्हेरवाडीचीच पोरे टॉर्च घेऊन निघतात. त्यांची रात्र जाते, मजुरी बुडते, पाय मोडण्याची वेळ त्यांच्यावर येते. मग त्यांनी का म्हणू नये की आमच्यातला एक जण सोबत न्या, त्याचे पैसे द्या? म्हणावे. त्यांना तो अधिकार आहे. माझे त्यांना सांगणे इतकेच की सक्तीचा वाटाड्या हा चार दिवसांत पावतीचा विषय होतो. पावती फाटते, वाटाड्या खालीच बसतो आणि पैसे भलत्याच्या खिशात जातात. महाराष्ट्रातल्या कित्येक प्रेक्षणीय जागी हे घडून गेले आहे. त्याऐवजी प्रत्येक माणशी शुल्क घ्या, एकट्याकडून जास्त घ्या हवे तर, आणि त्यातून दोर, स्ट्रेचर, वायरलेस संच आणि गावातल्या पोरांचे बचावाचे प्रशिक्षण उभे करा. एकट्या भटक्याचा गावाला फायदा नसतो हेही खरे नाही. कॅम्पवाले शिधा, आचारी, तंबू सगळे शहरातून आणतात. एकटा माणूस गावातच नागलीची भाकरी खातो, गावातच पडवी मागतो, आणि ‘एकलाच ऊना का भो?’ या प्रश्नाला तासभर उत्तर देत बसतो. त्या प्रश्नामागे अर्धी काळजी असते आणि अर्धा संशय: घरी भांडून आला असेल, परीक्षेत नापास झाला असेल. कुणी धडधाकट माणूस निव्वळ आनंदासाठी एकटा डोंगरात जाऊ शकतो, हे पटायला आपल्याकडे वेळ लागतो. गावकऱ्यांना लवकर पटते. सटाण्यातल्या सुशिक्षितांना उशिरा.

नवख्याने एकट्याने जावे असे मी कधीच म्हणणार नाही. आधी जाणत्यांबरोबर चार-दोन पावसाळे काढावेत, पायाला घसारा कळू द्यावा, धुके आले की जागेवर बसून राहायची सवय लावावी. मुल्हेर चढून सोमेश्वराच्या देवळापर्यंत जाणे वेगळे आणि हरगडाच्या दाट रानात वाट काढणे वेगळे. आषाढात साल्हेरच्या ओल्या पायऱ्यांवर एकट्याने जाण्यात मर्दुमकी नाही. एकट्याने जायचे तर हिवाळ्यात, उजेडात चढून, ओळखीच्या वाटेने आणि खाली सांगून. पण हे शिक्षण आहे, आणि शिक्षण बंदीने होत नाही. ज्याला कधी एकट्याने निर्णय घेऊ दिला नाही तो गटातही दुसऱ्याच्या पाठीकडे पाहूनच चालतो, आणि नेमका नेता चुकला की सगळेच चुकतात.

तेव्हा मागणी करायची तर अशी करू. बागलाणच्या पश्चिमेची बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायदा आहे, 2006 चा वनहक्क कायदा आहे, म्हणजे डोंगराविषयी ठरवताना ग्रामसभेला विचारावेच लागेल. ते व्यासपीठावरून आम्ही ठरवायचे नाही, मुंबईतूनही नाही. ग्रामसभेसमोर आमचे म्हणणे असे ठेवावे: एका रात्री वर किती माणसे राहतील त्याची कमाल संख्या ठरवा, किमान नको. आग, स्पीकर, दारू यांवर कडक दंड ठेवा आणि तो जागेवर वसूल करा. टाक्यांपाशी भांडी धुणे बंद. आणि पायथ्याला एक नोंदवही ठेवा. नाव, घरचा फोन, कुठल्या वाटेने चढणार, कुठे झोपणार, किती वाजता उतरणार. उतरल्यावर सही. ठरल्या वेळेनंतर चार तासांत सही नसेल तर ताहाराबादच्या वन कार्यालयाला आणि पोलिसांना फोन. एकट्याला तर ही नोंद सक्तीची करा, माझी काही हरकत नाही. नोंद न करता जो एकटा वर जाईल त्याला दंड करा, पहिला दंड माझ्याकडून घ्या.

येत्या कार्तिकात गवत वाळू लागेल आणि चांदण्या रात्रींचे कॅम्प पुन्हा सुरू होतील. त्याआधी वाघांबे आणि साल्हेरच्या गावकऱ्यांनी, वन विभागाने आणि सटाण्यातल्या आम्ही हौशी मंडळींनी एकदा समोरासमोर बसावे. बैठकीला पाच जणांचा गट आणायची अट नसावी. वही आणि पेन मी घेऊन येतो.